लालीबाईंच्या गाडीतला नवा टेप

पांढरकवड्यात जुन्या नागपूर रोडवर पंजाबराव ढोक्यांचं दुकान आहे. ते गाड्यांमध्ये टेप बसवतात. कॅसेटचे टेप जाऊन जमाना झाला, आता पेनड्राइव्हवर आणि फोनवर वाजतं. पण गिऱ्हाईक येतं ते टेपच मागत येतं आणि पंजाबरावही टेपच म्हणतात.

सोळाव्या वर्षी ते नागपूरला रेडिओदुरुस्ती शिकायला गेले. वस्तादाकडे पाच वर्षं काढली आणि परत येऊन हायवेवर टपरी टाकली. हैदराबादकडे जाणारे ट्रक तेव्हा गावातूनच जात. ड्रायव्हर चहा पीत बसे आणि पंजाबराव केबिनमध्ये टेप बसवत. काम झालं की सीटवर बसून, डोळे मिटून, एक गाणं पुरतं ऐकत. कोणती तार सैल आहे, कोणत्या स्पीकरचा कागद फाटायला आला आहे, हे ते नुसत्या कानानं सांगत. पंजाबातले, लुधियानाकडचे ड्रायव्हर त्यांच्या नावावरून थट्टा करत, पण टेप मात्र त्यांच्याकडूनच बसवून घेत.

साठी ओलांडल्यावर त्यांचा उजवा कान हळूहळू बसत गेला. आधी रातकिड्यांचा आवाज गेला, मग कुकरची शिट्टी लांबून येऊ लागली. फोन आपोआप डाव्या कानाला गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सत्यभामाबाईही काही बोलल्या नाहीत. त्या फक्त जेवताना नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायला लागल्या.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी दुकानासमोर हिरव्या रंगाची जुनी फोर-बाय-फोर येऊन थांबली. चालवणारी बाई पन्नाशीची होती. उतरल्याबरोबर तिनं सांगितलं, "मी लालीबाई राठोड. पाटणबोरीच्या अलीकडं आमचा तांडा हाये. भाऊ, हा टेप काढा अन् नवा लावून द्या. कंपनीचा हाये, पण आता कॅसेट गिळते."

गाडी वीस वर्षांची होती. तांड्याचा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात चारही चाकं ओढणारी गाडी असली तरच माणूस बाहेर निघतो. लालीबाईंच्या नवऱ्यानं, खेमसिंगांनी, म्हणून ती घेतलेली. त्यांचा गुडघा गेल्यापासून लालीबाईच चालवत.

"काय वाजवा लागते यात?" पंजाबरावांनी विचारलं.

"आमचेच गाणे. आमी सात जणी लेंगी गातो. होळीले चार तांड्यांचं बोलावणं हाये. माही पुतणी ममता फोनात भरून घेते, जाता जाता गाडीतच ऐकतो अन् चुका काढतो. पण फोनाचा आवाज मांगं बसलेल्याईले पुरत नाही."

लेंगी म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, हे पंजाबरावांना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली. लालीबाई बाजार करायला गेल्या.

जुना टेप काढणं सोपं नव्हतं. वीस उन्हाळ्यांनी डॅशबोर्डचं प्लास्टिक पापडासारखं झालं होतं. पंजाबरावांनी सायकलच्या दोन तारा वाकवून टेपच्या दोन्ही कडांच्या फटींत सारल्या, आतल्या पट्ट्या दाबल्या आणि टेप बोटाबोटानं पुढे घेतला. कुठे तडा गेला नाही. मागे तारांचा गुंता निघाला. मधे कधी तरी कोणी तरी त्यात हात घातला होता. रंग उडालेले, काही ठिकाणी नुसती पट्टी गुंडाळलेली. कोणती तार बॅटरीची आणि कोणती चावीची हे त्यांनी बल्ब लावून पाहिलं. स्पीकरच्या तारा अंदाजानं जुळवल्या, नीट सोल्डर केल्या, नवा टेप बसवला. मग आवाज मोठा करून बघितला. उजवीकडून वाजत होतं, डावीकडूनही वाजत होतं. डोळे मिटून ऐकायचं त्यांनी दोन वर्षांपासून सोडलं होतं. लालीबाई आल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

"भाऊ, आवाज बराबर नाही."

"काहून? दोन्हीकडून वाजून राह्यला ना?"

"वाजते. पण गाणारी बाई कुठी हाये तेच समजत नाही. चारीकडं पसरल्यावानी वाटते. अन् नगारा पोकळ लागते, डबा वाजवल्यासारखा."

पंजाबरावांनी खिडकीत डोकं घातलं आणि ऐकलं. त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही. पण ते सांगायच्या ऐवजी तोंडातून भलतंच निघालं. "बाई, गाडी जुनी हाये. स्पीकर बी जुने. यात याहून चांगलं निघत नाही."

"याच स्पीकरवर जुना टेप चांगला वाजे," लालीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बरं," म्हणून गाडीत बसल्या आणि निघून गेल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पंजाबरावांना दिवसभर वाटत राहिलं. जेवताना त्यांनी सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं.

"ती म्हणते आवाज पसरते. मले तर नाही लागला पसरल्यासारखा."

सत्यभामाबाईंनी भाकरी मोडली. "तिचं खरं असन."

"अन् माहं?"

"तुमाले उजवीकडचं ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाले. मले वाटलं, तुमी सांगान."

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी दुकान उघडलंच नाही. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग, टेस्टर टाकला आणि मोटरसायकल काढून तांड्याकडे निघाले. वाटेत काय बोलायचं ते दोनदा जुळवलं. तांडा दिसला तेव्हा त्यातलं काहीच आठवेना.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. ओसरीवर खेमसिंग पाय लांब करून बसले होते. लालीबाई आणि ममता शेंगा फोडत होत्या. पंजाबरावांना पाहून लालीबाई उठल्या.

"बाई," पंजाबराव उभ्याउभ्याच म्हणाले, "काल मी तुमाले खोटं बोललो. चूक गाडीत हाये का माह्यात, मले समजलं नाही. माह्या उजव्या कानानं आता ऐकू येत नाही. हे मी अजून कोणाले सांगितलं नाही."

कोणी हसलं नाही. खेमसिंगांनी ममताला पाणी आणायला सांगितलं. लालीबाई म्हणाल्या, "माहा वरचा सूर गेला दोन साल झाले. गळा वर चढतच नाही. आता वरची ओळ ममता घेते, मी खालून धरतो. पहिल्या दिवशी लय रडली मी. बसा भाऊ, चहा घ्या, मंग पाहू."

चहा पिता पिता पंजाबरावांना वस्तादाची एक जुनी रीत आठवली. चांगले कान असल्यानं तिची त्यांना कधी गरज पडली नव्हती. त्यांनी खेमसिंगांच्या टॉर्चमधला एक सेल मागून घेतला. गाडीच्या दोन्ही पुढच्या दारांचं आतलं पॅनेल उघडलं. नव्या टेपचा प्लग काढला, डाव्या स्पीकरच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवल्या आणि दुसऱ्या हाताचं बोट स्पीकरच्या कागदावर ठेवलं. कागद टक् करून बाहेर आला. मग उजवीकडे तसंच केलं. कागद आत गेला.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा आत गेला.

"सापडली," ते म्हणाले. "इकडच्या तारा उलट्या लागल्या. एक स्पीकर बाहेर ढकलते तवा दुसरा आत ओढते. दोघं एकमेकाले खाऊन राह्यले. म्हणून नगारा पोकळ."

"कोणी उलट्या लावल्या?" खेमसिंगांनी विचारलं.

"मीच. आधी कोणी तरी तारा बदलल्या होत्या, अंदाजावर भरोसा ठेवाले नको होता. पण ऐकलं असतं तर तवाच समजलं असतं."

उजव्या बाजूचे दोन जोड त्यांनी सोडवले, तारा अदलाबदल करून परत सोल्डर केल्या आणि पॅनेल बसवलं. मग स्वतः बाहेर थांबले आणि लालीबाईंना आत बसवलं. ममतानं फोनवरून गाणं लावलं.

लालीबाई हातात स्टेअरिंग धरून बसल्या. अर्धी ओळ झाली आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आता आली," त्या म्हणाल्या. "आता बाई मधात येऊन उभी राह्यली. इथं, काचीच्या समोर."

"अन् नगारा?"

"छातीत लागते."

पंजाबरावांनी दारावर तळहात ठेवला. पत्रा ठोक्याठोक्याला थरथरत होता. तेवढं त्यांना पुरलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच एक काम पुरं झाल्यासारखं वाटलं. लालीबाईंनी पिशवीभर शेंगा दिल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

होळीनंतर ते सत्यभामाबाईंना घेऊन यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे गेले. मशीन बसवलं. पहिला आठवडा त्रासाचा गेला. भांड्यांचा खणखणाट सहन होईना. घरातला पंखा करकरतो, हे त्यांना तेव्हा कळलं. "सालभर झालं करकरून राह्यला," सत्यभामाबाई म्हणाल्या. पंजाबरावांनी स्टूल घेतलं आणि पंख्याला तेल दिलं. मशीननं माणसांचं बोलणं समजतं, पण गाण्याचा आवाज अजून पत्र्यासारखा येतो. डॉक्टरांनी सवय होईल म्हटलं आहे. होईल तेव्हा होईल.

दुकान चालू आहे. प्रत्येक गाडीचे स्पीकर ते आता सेल लावून तपासतात, जुनी असो की नवी. काम झालं की गिऱ्हाइकाला सांगतात, "माहा उजवा कान कमजोर हाये. तारा मी तपासल्या, आवाज तुमी तपासा." मे महिन्यात एकजण हे ऐकून उठला आणि पलीकडच्या दुकानात गेला. बाकीचे बसतात. सुरुवातीला जरा अवघडतात, मग एकेक सांगू लागतात: जरा चिरका आहे, मागच्या सीटला कमी येतो, इथपर्यंत बरा आहे. पंजाबराव डावा कान पुढे करून ऐकतात, आणि बटण फिरवतात.