दारातली कोरफड

दृष्ट लागू नये म्हणून सिंगापूरच्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात मी कोरफड उलटी टांगली होती, माझी आई टांगायची तशीच. "लोक हसतात," म्हणत नवऱ्याने ती काढायला लावली. मी ती पिशवीत घालून ठेवली.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही तिकीट काढून इथल्या बागेतल्या काचघरात उभारलेलं वाळवंट बघायला गेलो. तिथे कोरफड, स्वतःच्या नावाची पाटी लावून दिमाखात उभी. नवरा तिच्याशेजारी जाऊन मला म्हणतो, "फोटो काढ ना!"

मी फोन पर्समध्ये टाकला. "इथे चालते, मग दारात का नाही?"

"आई, डोन्ट शाउट लाह," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

मी आणखी मोठ्याने विचारलं.

घरी आल्याआल्या पिशवीतली कोरफड काढली. माती नाही, पाणी नाही, तरी तशीच टवटवीत. पुन्हा दारात टांगली आणि नवऱ्याला बजावलं, "आता कुणी हसलं तर तिकीट लावीन."