नानांनी न वाचलेलं पाकीट

दुसऱ्याची पत्रं वाचावीत ती आमच्या हिच्या मामांनी. त्यांच्याइतका हौशी वाचक साऱ्या खानदेशात झाला नसेल.

सगळे त्यांना नाना म्हणत. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ते तुरुंगात कारकून होते. कैद्यांचं टपाल तपासणं हे त्यांचं काम, पण ते करत अगदी चवीनं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या केळीवर रोग पडला, कुणाच्या मेहुणीचं भडगावकडे जमतंय, सगळं त्यांना पाठ. पत्र हातात देण्याआधीच कैद्याला सांगायचे, "बस खाली. मुलगा झालाय तुला." घरी जेवायला आले की मी माझं टपाल गादीखाली सारायचो. फक्त एका पाकिटापाशी ही हौस थबकायची. वकिलाचं पत्र आलं की ते चिमटीत धरून, मान दुसरीकडे वळवून, बंदच्या बंद कैद्याच्या हातात. "अरे, अशील-वकिलाचं बोलणं म्हणजे नवरा-बायकोचं. आपण मध्ये तोंड घालू नये," असं मलाच बजावत.

मी तेव्हा देवपुरात नवी नवी वकिली थाटली होती. पारोळ्याकडचा सुकलाल नावाचा माझा एक अशील कच्चा कैदी म्हणून आत होता. त्याला मी पत्र टाकलं: जामीन मंजूर झालाय, पण जामीन राहायला माणूस हवा, कुणाचं तरी नाव कळवा. नाव आलं नाही तर खटला उभा राहीपर्यंत तो आतच राहणार होता. उत्तर काही येईना.

एका दुपारी नाना घामाघूम होऊन सायकलवरून दारात हजर. "चल. तुझं पत्र तू येऊन वाच."

झालं होतं असं, की सुकलालला अक्षरओळख नव्हती. फोडलेलं पाकीट घेऊन तो रोज नानांच्या टेबलापाशी येई. "नाना, माले वाचता येस नही. काय लिखेल शे, सांगा ना." आणि अख्ख्या तुरुंगाची पत्रं वाचणारे नाना कानांवर हात ठेवत. बराकीतल्या दुसऱ्या कुणालाही वाचू देईनात. "जीव नुसता तडफडत होता रे माझा," मला डबलसीट नेताना ते म्हणाले, "पण वकिलाचं पत्र ते वकिलाचं पत्र." मला हसूही येत होतं आणि रागही.

मी पत्र वाचून दाखवलं, सुकलालनं चुलत्याचं नाव सांगितलं आणि काही दिवसांत तो सुटला. त्या दिवशी नानांनी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर पारोळ्याच्या एसटीत चढले. म्हणाले, "याला घरचं एकही पत्र आलं नाही. घरी लिहिणारंच कुणी नाही. मग याच्या घरी कोण आहे, हे मला कळायचं कसं?"

संध्याकाळी परतले ते सरळ आमच्याकडे. हिनं चहा पुढे केला.

"म्हातारी आई आहे त्याला," नाना म्हणाले. "डोळ्यांनी दिसत नाही. चेहरा चाचपून ओळखलं तिनं." एरवी एवढ्या बातमीवर त्यांनी तासभर घेतला असता. कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "एवढा उशीर का झाला, म्हणून मलाच विचारत होती. इतला येळ कसा लागना, भाऊ?"

त्यांची चेष्टा करायची म्हणून मी बरंच जमवून ठेवलं होतं. ते सगळं तसंच राहिलं.