आप्पाचा गुडघा बघायला आलेली माणसं

सांगलीच्या दवाखान्यात मी आप्पाला शेवटचं भेटले, तेव्हा त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला सारून एवढंच विचारलं, "भायेरच्या मान्सांस्नी च्या दिला का गं?" आप्पा माझा थोरला भाऊ. अंगात ताप, गुडघ्यात पू, आणि याला चहाची काळजी! "दिला, दिला. तू गप पड," मी म्हणाले. अजून त्याचा राग येतो... आणि बाहेर बसून चहा पिणाऱ्यांचा त्याहून जास्त.

फौजेतून निवृत्त होऊन आप्पा विट्याजवळच्या आमच्या गावी शेतीत रमला होता. गुडघा पार झिजला, तेव्हा कुठे तो बदलून घ्यायला तयार झाला. ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पट्टीला हात लावायचा नाही, साखर आटोक्यात ठेवायची, तंबाखू बंद, आणि जखम पाझरली तर थेट इकडे यायचं. आप्पा "व्हय साहेब" म्हणत नुसता सलाम ठोकायचा बाकी राहिला होता. हुकूम पाळण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यानं यातला एकही पाळू नये?

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे भांडण धरल्यासारखं. त्यामुळे सगळे आले. केरळात गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं दुकान चालवणारा पुतण्यासुद्धा आला. प्रत्येकाच्या हातात पेढे, आणि प्रत्येकाला टाके बघायचे! आप्पा तंबाखू मळलेल्या बोटांनीच पट्टी उचलायचा, वर एक पेढा तोंडात टाकायचा. मी ओरडले तर म्हणाला, "आगं, लय लांबनं आल्यात. न दाखवताच लावून देऊ व्हय?" नवं घर बांधलंय आणि खोल्या दाखवतोय, असा थाट. पट्टी ओली दिसायला लागली तर म्हणे घाम असंल. हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा वहिनीनं मला फोन केला.

सांगलीला पाय पुन्हा उघडला, सांधा धुतला, पण तोवर जंतू रक्तात गेले होते. नेमकं कशानं झालं, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एकच कारण सांगता नाही येणार. साखर, तंबाखू, उघडी जखम... कधीकधी सगळी काळजी घेऊनही होतं." मला मात्र एक कारण हवं होतं. ज्याच्यावर खेकसता येईल असं काहीतरी. माणसं तर मायेनं आली होती, आणि त्यांना रिकामं पाठवणं आप्पाच्या स्वभावातच नव्हतं.

गेल्या आठवड्यात वहिनीजवळ बसले होते. दुःखाला आलेल्या एका बाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "आवं काकी, नेमकं कुठं चिघळलं हुतं?" मी तोंड उघडणार, तोच वहिनीनं साडी जराशी वर घेतली आणि स्वतःच्या गुडघ्यावरून बोट फिरवलं. "हितनं... हितपतूर," ती म्हणाली. बाई वाकून त्या धडधाकट गुडघ्याकडे बघत राहिली. मला इतका संताप आला, की आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मी ढसाढसा रडले.