मशीनच्या तोंडचं गंध

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात लेथचा कारखाना होता. पोलादाला पाणी कसं देतात, आणि ते फाजील कडक झालं की एका दणक्यात कसं तुटतं, हे मी परकर-पोलक्यात असतानाच पाहून ठेवलं होतं. म्हणून लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा भाजीवाली मला खुशाल फसवायची, पण हार्डवेअरच्या दुकानात मला फसवायची कुणाची टाप नव्हती.

सासर तंजावरी मराठी. सासरे नव्या ऑफिसांमध्ये टेबलं, कपाटं, पार्टिशनं बसवायची कामं घ्यायचे. घर नुंगंबाक्कमला, कामं बहुतेक शोळिंगनल्लूरला. त्या वर्षांत तिथे कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या सॉफ्टवेअर कंपन्या उगवत होत्या. हाताखाली माणसं असली तरी स्क्रू स्वतः आवळल्याशिवाय सासऱ्यांना चैन पडत नसे, आणि तेही एका लाकडी मुठीच्या जुन्या तिरुप्पुळीनं. आमच्या घरात स्क्रूड्रायव्हरला हाच तमिळ शब्द.

त्या तिरुप्पुळीनं त्यांचं उजवं मनगट खाल्लं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच पिळत राहिलात तर मूठ वळायची थांबेल, मग घाससुद्धा दुसऱ्यानं भरवावा लागेल. घरी बसा म्हटलं की सासरे म्हणत, "काम नाही तर मी काहाला गे?" याचा मला राग यायचा. राग आला की मी कामाला लागते.

नवरा कंपनीच्या कामानं सिंगापूरला निघाला होता. त्याला बजावलं, सेंटच्या बाटल्या नकोत, कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर आण. त्यानं आणला. हे मशीन बिट, म्हणजे स्क्रूच्या डोक्यात बसणारी पोलादी कांडी, नुसतं फिरवत नाही. स्क्रू अडला की फिरवता फिरवता आतून हातोडीसारखे ठोके मारतं, आणि धरणाऱ्याच्या मनगटाला पीळ बसत नाही. सासऱ्यांनी घरात होतं ते बिट लावून पहिला स्क्रू घेतला, आणि बिटाचं टोक खाडकन उडालं. दुसऱ्याचंही तेच झालं. "हे आपल्याला होणार नाही," म्हणत त्यांनी तिरुप्पुळीकडे हात नेला.

"अप्पा, नाचता येतंय तुम्हाला, अंगणच वाकडं आहे," मी म्हटलं. "ही बिटं साध्या ड्रिलची आहेत. ठोके खायला वेगळी लागतात."

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पॅरीजच्या हार्डवेअरच्या गल्ल्यांत गेले. पर्समध्ये वडिलांची छोटी कानस आणि आमच्या कामातले चार स्क्रू. दुकानदारानं सोनेरी बिटं पुढे केली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मी बिटाच्या अंगावर हळूच कानस ओढली. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर बिट फार कडक, ते ठोक्यानं तुटणार. कानस रुतली तर मऊ, त्याच्या कडा आठवड्यात झिजणार. कानस जराशी कुरकुरली की ते योग्य, ते बाजूला ठेवायचं. मग त्यातलं कंबरेशी बारीक असलेलं निवडायचं, कारण ठोका बसला की ती कंबर किंचित पीळ खाते आणि टोक वाचतं. शेवटी टोकावर स्क्रू आडवा बसवून बघायचा. डुगडुगला तर परत. दुकानदाराचं तोंड कडू झालं होतं. सासरे मात्र हाताची घडी घालून, लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखे, गंभीरपणे बघत होते.

निवडलेली बिटं टिकली. मनगटाची सूज उतरली. मी घरभर मिरवले, का मिरवू नये?

मग खंडेनवमी आली, म्हणजे चेन्नईची आयुधपूजा. हत्यारं पाटावर मांडून पुजायची, त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलायची. सासऱ्यांची रीत अशी की गंध-कुंकू हत्याराच्या तोंडाला लावायचं: करवतीच्या दातांना, पटाशीच्या धारेला. सगळं त्यांनी स्वतः केलं.

त्यानंतरच्या पहिल्याच कामावर, शोळिंगनल्लूरला, बिटं डगमगायला लागली. स्क्रूंची डोकी कुरतडली जाऊ लागली. मीच निवडलेली बिटं! सासऱ्यांनी तिरुप्पुळी काढली आणि संध्याकाळपर्यंत तीच वापरली. घरी आले तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता. मला त्या मशीनचा इतका संताप आला की ते ओढ्यात फेकून द्यावंसं वाटलं.

पण बिट वाईट नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दिव्याखाली मशीन धरलं आणि बिट बसतं त्या भोकात डोक्यातली पिन घातली. आतून वाळलेलं गंध निघालं, कुंकवानं लाल झालेलं. मशीनचं तोंड म्हणजे ते भोक, म्हणून सासऱ्यांनी बोटानं ते पार भरलं होतं. बिट पूर्ण आत जातच नव्हतं.

"अप्पा, तुम्ही याला जेवू घातलंत."

त्यांनी माझ्या तळहातावरचे गंधाचे खडे पाहिले आणि खूप वेळ हसले. मग म्हणाले, "अस्की हत्यारं तोंडाला गंध घेतात गे. हे एकच नको म्हणतं." अस्की म्हणजे सगळी.

पुढच्या वर्षी त्यांनी गंधाचा ठिपका मशीनच्या पाठीवर, अगदी जपून लावला. विजयादशमीला सकाळी हत्यारं उचलायची वेळ झाली. करवत उचलली, पटाशी उचलली, मशीन उचलून एक स्क्रू आवळला. पाटावर फक्त तिरुप्पुळी राहिली. मी म्हटलं, "अप्पा, ही राहिली."

"राहू दे," ते म्हणाले. "ती तू उचल."

मी सहसा रडत नाही. त्या दिवशी तिरुप्पुळी हातात घेऊन स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिची मूठ त्यांच्या पंजानं झिजलेली आहे, तरी माझ्या हाताला अजून मोठी होते.