गुरूचे सोळा चंद्र

ओहायोतल्या हॉटेलात विज्ञानकथावेड्यांचा मेळा भरला होता. दुपारी गाण्याच्या रिंगणात पाळी लोर्नापाशी आली. पाळी आली की गावं, फर्माईश करावी, नाहीतर पुढे सोडावी. लोर्ना दरवर्षी आपल्या नवऱ्यालाच, व्हर्जिललाच, त्यानं रचलेलं अवकाशयानाचं गाणं गायला लावायची. हिवाळ्यात व्हर्जिल गेला. आज त्याची गिटार घेऊन ती स्वतः गाऊ लागली. लोक कीव करत ऐकतील, हीच तिला धास्ती होती.

‘गुरूचे सोळा चंद्र’ ही ओळ आली. इथे व्हर्जिलचा जुना दोस्त क्लाइड त्याला दरवर्षी टोकायचा. आज सगळे गप्प.

मग क्लाइड ओरडला, “अगं बाई, आकडा जुना झाला! आता नव्वदाच्या वर आहेत!”

“मग उरलेल्यांवर तूच गाणं लिही, शहाण्या!” लोर्नानं व्हर्जिलचंच नेहमीचं उत्तर फेकलं.

रिंगण खदखदून हसलं, आणि पुढचं कडवं सगळ्यांनी मिळून उचललं.