विजेच्या बसने आम्हाला अर्ध्या रस्त्यात उतरवलं

मंडळी, आज दुपारपासून माझं डोकं तापलंय.

तुमसरहून नाकाडोंगरीला निघाले होते, नव्या विजेच्या बसने. डिझेलची जुनी बस बंदच केली आहे. शेजारी आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाई. कालच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी, आठ दिवसांनी पुन्हा तुमसरला तपासणी.

अर्ध्या रस्त्यात बस थांबली. कंडक्टर म्हणाला, "उतरा जी सगळे. बॅटरी पुरत नाई, वापस जाऊन चार्ज करा लागते."

वच्छलाबाई भडकल्या, "मंग आमाले बसवलं कायले?"

तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, वरून गाडी तर आली. पण तुमच्या गावाले चार्जरच नाई लावला."

वच्छलाबाईंचा हात धरून मी भर उन्हात तासभर चालले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला बसवून घेतलं.

विजेची बस मलाही हवी आहे. पण सरकारने ती पाठवण्याआधी रस्ता किती लांब, चार्जर कुठे, तिथे लाइन किती तास असते, एवढं तरी पाहायला नको का?

घरी पोचल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "मी काई आता तपासणीले जात नाई."

सांगा, त्यांना मी कोणत्या तोंडाने जा म्हणू?