शिवणीत सोडलेलं कापड

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला येलहंक्यातलं काकांचं टेलरिंगचं दुकान आठवतं, कोळशाच्या इस्त्रीने तापलेलं. नव्वदच्या दशकात काकांना नसलेले आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते थांबले, पण हात इतके थरथरू लागले की सुईही ओवता येईना. डॉक्टरीणबाईंनी नव्यानेच आलेली गोळी सुचवली: थरथर कमी होईल, पण वजन वाढेल, साखरेवर लक्ष ठेवावं लागेल. "आवाज बंद आहेत ना, मग कशाला बदलायचं?" वडील तडकले. बाई काकांकडे वळल्या. काकांनी एवढंच विचारलं, "सुई ओवता येईल?" "बहुतेक येईल." "आणि पोट सुटेल ते?" वडील म्हणाले. "सरी, बरं अण्णा, पोटाचं मी बघतो," काका म्हणाले. नव्या गोळीने हातांची थरथर थांबल्यावर काकांनी सगळ्यात आधी स्वतःसाठी पँट शिवली आणि कमरेच्या शिवणीत आतून भरपूर कापड सोडलं, पुढे उसवून सैल करता यावी म्हणून. पोट खरंच सुटलं. काका गेल्यावर ती पँट मी ठेवून घेतली. आतलं कापड पार काठापर्यंत संपलंय, आणि प्रत्येक टाका सरळ आहे.